मेनमधले नऊ निनावी कर्मचारी: लसीची सक्ती, धार्मिक सूट आणि शेवटी उघड झालेली नावं

अमेरिकेत कोविड लसीच्या सक्तीवरून शेकडो केसेस झाल्या, पण त्यातली एकच नीट वाचायची असेल तर मी मेन राज्यातली वाचायला सांगेन. धर्माच्या कारणावरून नोकरीतल्या लसीतून सूट मिळावी का हा प्रश्न त्यात आहेच, आणि सूट मागणाऱ्याची तब्येत, श्रद्धा, नाव हे सगळं कोणाकोणाला कळायला हवं हा प्रश्नही तितकाच आहे. लोक भांडतात ते पहिल्यावर, दुसऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही. माझं म्हणणं असं की हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत, कारण सूट मागायची म्हणजे आपली खासगी माहिती आधी दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि ती माहिती पुढे कुठे जाते याचा विचार ना राज्य करत ना कंपनी, मग निकाल काहीही लागो, माणूस अर्जाच्या टप्प्यावरच बरंच काही गमावून बसलेला असतो.

आधीच सांगते, मी लसीच्या बाजूने आहे, आणि हॉस्पिटलात पेशंटला हात लावणाऱ्या माणसाने लस घेतलेली असावी ही अपेक्षा मला रास्तच वाटते. तरी या प्रकरणात त्या नऊ जणांशी जे झालं त्यातल्या काही गोष्टी मला आजही खटकतात.

थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं राज्य, लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास, आणि सरासरी वयाच्या हिशोबाने देशातलं सगळ्यात म्हातारं राज्य. हॉस्पिटलं मोजकी, त्यामुळे एखाद्या ठिकाणी स्टाफमध्ये साथ पसरली की लोकांना दुसरा पर्याय जवळ नसतो. हे लक्षात ठेवा, कोर्टाने पुढे या गोष्टीला बरंच वजन दिलं.

आता बऱ्याच जणांना वाटतं की धार्मिक सूट कोविडच्या काळात घाईघाईत काढून टाकली, तर तसं नाहीये. मेनमध्ये हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या लसी आधीपासूनच सक्तीच्या होत्या आणि त्यातून मेडिकल, धार्मिक आणि तात्त्विक अशा तिन्ही कारणांवर सूट मिळायची. २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदा करून शेवटच्या दोन सुटी काढून टाकल्या, शाळेतल्या मुलांसाठीही आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीही, आणि गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी त्यावर सही केली. विरोधकांनी सह्या गोळा करून कायदा सार्वमताला नेला, ३ मार्च २०२० ला मतदान झालं आणि जवळपास ७३ टक्के लोकांनी कायदा राहू द्या असं सांगितलं. म्हणजे कोविडची लस अस्तित्वात यायच्या आधीच धार्मिक सूट गेली होती, आणि तीही लोकांच्या मताने. कायदा लागू व्हायची तारीख मात्र सप्टेंबर २०२१ ची ठेवलेली होती, आणि नेमकी तिथेच कोविड येऊन धडकला.

१२ ऑगस्ट २०२१ ला राज्याने जाहीर केलं की आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सक्तीच्या लसींमध्ये आता कोविडची लसही धरली जाईल. मुदत आधी १ ऑक्टोबर होती, मग अंमलबजावणी २९ ऑक्टोबरवर ढकलली. कोविडचा डेल्टा प्रकार तेव्हा जोरात होता. नियम न पाळणाऱ्या हॉस्पिटलचं लायसन्स धोक्यात येणार होतं, त्यामुळे हॉस्पिटलांनी स्टाफला सरळ कळवलं की मेडिकल सूट मागू शकता, धार्मिक नाही, राज्याचा नियम परवानगीच देत नाही.

ऑगस्ट संपायच्या आतच नऊ जण कोर्टात गेले. त्यातला एक जण डॉक्टर, स्वतःची प्रॅक्टिस चालवणारा, बाकीचे आठ आरोग्य क्षेत्रातलेच कर्मचारी. कागदावर खरी नावं नव्हती, अमेरिकेच्या कोर्टात निनावी माणसासाठी वापरतात ती टोपणनावं होती, जॉन डो १ ते ३ आणि जेन डो १ ते ६. समोर गव्हर्नर, राज्याचे आरोग्य अधिकारी आणि मोठमोठे हॉस्पिटल समूह. मागणी अशी की आमची श्रद्धा लस घ्यायला मनाई करते, आम्हाला सूट द्या आणि कामावर राहू द्या.

श्रद्धा नेमकी काय होती? लसींचा गर्भपाताशी असलेला संबंध. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, त्यात तथ्य किती आणि गैरसमज किती हे नीट बघायला हवं. फायझर आणि मॉडर्नाच्या लसींची सुरुवातीची चाचणी करताना एचईके-२९३ नावाची पेशींची जात वापरली गेली, ती १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून तयार केलेली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या लसीत तर पीईआर.सी६ ही तशीच पेशींची जात थेट उत्पादनात वापरली जायची. लसीत गर्भाच्या पेशी नसतात, पण साखळी मागे गेलीच तर तिथपर्यंत जाते. व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्येच सांगून टाकलं होतं की दुसरा पर्याय नसेल तर अशा लसी घेणं कॅथलिकांसाठी नैतिकदृष्ट्या चालेल, आणि त्याच टिपणात हेही म्हटलं होतं की लसीकरण शक्यतो स्वेच्छेने व्हावं. यावरून बरेच जण म्हणतात की बघा, पोपच चालेल म्हणतायत, मग यांची श्रद्धा खोटी. पण अमेरिकेच्या कायद्यात श्रद्धा मोजली जाते ती त्या माणसाची, त्याच्या चर्चच्या प्रमुखाची नाही. १९८१ च्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय, तिथे जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचा एक कामगार रणगाड्याचे भाग बनवायला तयार नव्हता आणि त्याच्याच पंथाचा दुसरा कामगार म्हणत होता की यात काही चूक नाही, तरी कोर्टाने त्या एकट्याची श्रद्धा ग्राह्य धरली.

आता कायदा कसा चालतो ते बघू, कारण इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. सरकारने नियम केला असेल तर राज्यघटनेतलं धर्मस्वातंत्र्य लागतं. १९९० पासूनचा ढोबळ नियम असा की नियम सगळ्यांना सारखा असेल, कुठल्या धर्माला टिपून केलेला नसेल, तर धर्माला त्रास झाला तरी तो टिकतो. पण एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला जोराचा पीळ दिला, की धर्माव्यतिरिक्तच्या कुठल्याही तुलनीय गोष्टीला सवलत देत असाल आणि धर्माला नाही, तर तुम्हाला अत्यंत कडक कसोटी पार करावी लागेल. आणि मालक नियम लावत असेल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन लागतं, त्यात मालकाने कर्मचाऱ्याच्या धर्माला जागा करून द्यायची, धंद्याला अवाजवी त्रास होत नसेल तोवर. मेनमधली हॉस्पिटलं या दोन रस्त्यांच्या बरोबर मध्ये उभी होती, केंद्राचा कायदा म्हणतो जागा करून द्या आणि राज्याचा नियम म्हणतो दिलीत तर लायसन्स जाईल. इकडे आड तिकडे विहीर.

या सगळ्याचा पाया म्हणून १९०५ ची मॅसेच्युसेट्सची जेकबसन केस कायम पुढे केली जाते, देवीची लस न घेणाऱ्याला ५ डॉलरचा दंड कोर्टाने योग्य ठरवला ती. गंमत अशी की जेकबसन स्वतः पाद्री होता, पण त्याचा मुख्य आक्षेप लहानपणी घेतलेल्या लसीने झालेल्या त्रासाचा होता. शिवाय तिथे नोकरी जात नव्हती, दंड भरला की माणूस मोकळा.

मेनच्या केसमध्ये सगळं भराभर झालं. जिल्हा न्यायाधीश जॉन लेव्ही यांनी १३ ऑक्टोबरला तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला, १९ ऑक्टोबरला फर्स्ट सर्किटच्या, म्हणजे मेन ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टाने तो नकार कायम केला, आणि २९ ऑक्टोबरला, म्हणजे ज्या दिवशी अंमलबजावणी सुरू होणार त्याच दिवशी, सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशी याचिका फेटाळली. बहुमताने कारणं लिहिलीच नाहीत. न्यायाधीश ॲमी कोनी बॅरेट यांनी छोटं टिपण जोडलं, न्यायाधीश कॅव्हनॉ त्यात सामील झाले, आणि त्यात मुद्दा एवढाच की पूर्ण सुनावणीशिवाय घाईघाईत अशा नव्या प्रश्नावर कोर्टाने मत द्यायची गरज नाही. न्यायाधीश नील गोर्सच यांनी लांब विरोधी मत लिहिलं, न्यायाधीश थॉमस आणि अलिटो त्यांच्या बरोबर होते. त्यांच्या मतात एक गोष्ट येते जी बातम्यांमध्ये हरवून गेली, की तोपर्यंत अर्जदारांपैकी एकीची नोकरी गेलेली होती आणि डॉक्टरची प्रॅक्टिस बंद पडायच्या बेताला आली होती.

आता मला वाटतं या प्रकरणाचा खरा गाभा मेडिकल सुटीच्या चिठ्ठीत आहे, म्हणून तिथे जरा थांबू. मेनच्या कायद्यानुसार मेडिकल सूट कशी मिळते? डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट यांच्यापैकी कोणीतरी लिहून द्यायचं की माझ्या व्यावसायिक मताप्रमाणे या व्यक्तीला ही लस देणं वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य असू शकतं. असू शकतं, एवढंच. त्यात आजाराचं नाव सांगायला नको, किती धोका ते सांगायला नको, आणि मालकाने त्यावर खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. गोर्सच यांनी नेमकं यावर बोट ठेवलं, की डॉक्टरच्या एका ओळीवर विश्वास ठेवता आणि श्रद्धेला दारच बंद करता. फर्स्ट सर्किटचं उत्तर असं होतं की दोन्ही गोष्टी तुलनीय नाहीत, सक्तीचा हेतू आरोग्य राखणं हा आहे आणि ज्याला लसीने इजा होईल त्याला सूट देणं हे त्याच हेतूत बसतं, धार्मिक सूट बसत नाही. मला हा युक्तिवाद पटतो, पण अर्धाच. हेतूच्या अंगाने बरोबर आहे. पण पेशंटच्या अंगाने बघितलं तर मेडिकल सूट घेतलेली नर्स आणि धार्मिक सूट घेतलेली नर्स दोघींच्या श्वासातून विषाणू सारखाच येतो ना, मग पहिलीला मास्क आणि टेस्टवर कामावर ठेवता येतं तर दुसरीला का नाही हा प्रश्न उरतोच. राज्याचं म्हणणं होतं की डेल्टा इतक्या वेगाने पसरतो की आठवड्यातून एकदोनदा टेस्ट करून भागत नाही, ते खरंही असेल, पण मग ते दोघींना लागू होतं.

आणि त्या चिठ्ठीत गोपनीयतेच्या बाजूने एक फार चांगली गोष्ट आहे ती कोणी बोलत नाही. ती जवळजवळ काहीच उघड करत नाही. माणसाला ॲलर्जी आहे, हृदयाचा त्रास आहे, की आणखी काही, मालकाला कळत नाही, डॉक्टरच्या मध्यस्थीने माणसाची खासगी बाजू झाकलेली राहते. धार्मिक सूट जिथे होती तिथे याच्या बरोबर उलटं चित्र दिसतं. तिथे अर्जदाराने स्वतःच्या हाताने आपल्या अंतर्मनाचं निवेदन लिहायचं, कुठल्या पंथाचा आहे, ही श्रद्धा कधीपासून आहे, आधी कुठल्या लसी घेतल्या, त्या घेताना हा आक्षेप का नव्हता, आणि हे सगळं वाचणार कोण तर बऱ्याचदा त्याचाच एचआर किंवा बॉस.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मेनमधलं नाही, आर्कान्सामधल्या एका हॉस्पिटल समूहाचं आहे, सप्टेंबर २०२१ मधलं. गर्भपेशींचं कारण देऊन सूट मागणाऱ्यांना त्यांनी एक फॉर्म दिला, त्यात रोजच्या वापरातल्या औषधांची यादी होती ज्यांच्या विकासात किंवा चाचणीत अशाच पेशी वापरल्या गेल्यात, आणि खाली सही करायची की माझी श्रद्धा खरी आहे आणि मी ही औषधंही घेत नाही, घेणार नाही. टायलेनॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, टम्स, क्लॅरिटिन, बेनाड्रिल, लिपिटॉर, झोलॉफ्ट. त्या वेळी याचं खूप कौतुक झालं, ढोंगी लोकांना बरोबर पकडलं म्हणून. आणि सुसंगती तपासणं कायद्यात बसतं हेही खरं. पण ही यादी परत वाचा. लिपिटॉर कोलेस्टेरॉलचं औषध आहे. झोलॉफ्ट डिप्रेशनचं. जी बाई सही करू शकत नाही ती मालकाला काय सांगतेय? ती आपल्या मनाच्या आजाराबद्दल सांगतेय, आणि तेही धर्माच्या फॉर्मवर. श्रद्धेचा खरेपणा तपासता तपासता तो फॉर्म गुपचूप मेडिकल चौकशी बनला, आणि मला नाही वाटत की तो बनवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं असेल.

इथे हिपाबद्दल बोलायलाच हवं, कारण त्या काळात प्रत्येक वादात लोक हिपा हिपा करत होते. तुम्ही मला लस घेतली का विचारूच शकत नाही, हिपाचा भंग आहे. नाही, तसं नाहीये. हिपा हा कायदा हॉस्पिटल, डॉक्टर, विमा कंपनी अशांवर बंधन घालतो, त्यांनी पेशंटची माहिती कशी वापरावी यावर. मालक म्हणून ठेवलेल्या नोकरीच्या रेकॉर्डला तो लागत नाही आणि कोणी काय विचारावं यावरही त्याची बंदी नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२१ मध्ये हे परत खुलासा करून सांगितलं. हॉस्पिटल हे एकाच वेळी उपचार करणारंही असतं आणि मालकही, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांचा गोंधळ जास्त होतो, पेशंट म्हणून घेतलेल्या लसीची नोंद हिपाखाली आणि कर्मचारी म्हणून दिलेलं सर्टिफिकेट हिपाच्या बाहेर.

खरं संरक्षण आहे ते अपंगत्वविषयक कायद्यात, १९९० च्या एडीएमध्ये. नोकरीतल्या भेदभावावर देखरेख करणारा आयोग, ईईओसी, त्याने स्पष्ट केलं की लस घेतली का एवढं विचारणं चालतं, पण त्याचा कागद ही गोपनीय वैद्यकीय माहिती आहे, ती कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या फाईलपासून वेगळी ठेवायची आणि गरज असेल त्यालाच दाखवायची. का नाही घेतली असं विचारलं की मात्र त्यातून अपंगत्वाची माहिती बाहेर येऊ शकते, मग कडक नियम लागतात. हे मेडिकल बाजूचं झालं. धार्मिक अर्जाचं काय? टायटल सेव्हनमध्ये तशी गुप्ततेची वेगळी तरतूदच नाही. म्हणजे ज्या अर्जात माणूस सगळ्यात जास्त उघडा होतो त्यालाच सगळ्यात कमी कुलूप. शहाणा मालक तो अर्जही तितक्याच काळजीने ठेवेल, पण कायदा त्याला तसं स्पष्टपणे सांगत नाही, आणि मला ही फार मोठी फट वाटते.

आता परत मेनकडे. कोर्टात नावं लपवायची परवानगी सुरुवातीला मिळाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्थानिक वृत्तपत्रं, पोर्टलंड प्रेस हेराल्डची मालक कंपनी त्यात होती, कोर्टात गेली की ही निनावीपणाची सवलत काढा, खटला सार्वजनिक असतो, कोण कोणावर काय दावा करतंय हे लोकांना कळायला हवं. फिर्यादींचं म्हणणं होतं की लस न घेतलेल्यांबद्दल समाजात इतका राग आहे की नाव आलं तर छळ होईल, काम मिळणार नाही, आणि शिवाय आपली श्रद्धा आणि लसीची स्थिती दोन्ही खासगी आहेत. मे २०२२ अखेर न्यायाधीश लेव्हींनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. भीती खरी असेल पण ती वाजवी आहे हे दाखवणारा ठोस पुरावा नाही, या लोकांना प्रत्यक्ष कोणी धमकावल्याचं दिसत नाही, आणि इतर ठिकाणी लोक अशाच केसेस स्वतःच्या नावाने लढतायत. ७ जुलै २०२२ ला फर्स्ट सर्किटने त्याला स्थगिती द्यायला नकार दिला. त्यानंतर नऊपैकी सात जणांची नावं सुधारित तक्रारीत आली आणि पुढची केस त्या सात जणांचीच झाली.

मला वृत्तपत्रांचा मुद्दा कळतो, बंद दाराआड न्याय होऊ नये हे तत्त्व मोठं आहे आणि मी ते सोडायला तयार नाही. पण इथे लोकांना जे कळायला हवं होतं, म्हणजे नियम काय, युक्तिवाद काय, हॉस्पिटलांनी काय उत्तर दिलं, कोर्टाने काय ठरवलं, ते सगळं नावांशिवायही उघडच होतं. नाव कळल्याने त्या कायदेशीर प्रश्नावर कणभरही जास्त उजेड पडत नव्हता. राज्य आणि हॉस्पिटल यांना बचावासाठी नावं लागतात, ती त्यांना संरक्षक आदेशाखाली, म्हणजे बाहेर न फोडायच्या अटीवर, देता येतात, अमेरिकेच्या कोर्टात हे होत असतं. आणि पुरावा कुठून आणणार, निनावी माणसाला नावाने धमकी येणार कशी? नाव उघड झाल्यावर काय होईल याचा पुरावा नाव उघड व्हायच्या आधी मागणं हे मला न्यायाचं वाटत नाही. शिवाय मेनसारख्या छोट्या राज्यात, जिथे आरोग्य क्षेत्रात मोजकेच मालक आहेत, तिथे अशा केसमध्ये नाव येणं म्हणजे काय हे कोणी वेगळं सांगायला नको. ऑनलाइन रेकॉर्डमध्ये ते कायम राहतं, पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूच्या आधी कोणीही सर्च करून बघू शकतं की या बाईंनी लस घेतली नव्हती आणि त्यांची श्रद्धा अमुक आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये जिल्हा कोर्टाने तक्रारच फेटाळली. मग २५ मे २०२३ ला फर्स्ट सर्किटने निकाल दिला आणि तो मिश्र होता. हॉस्पिटलांविरुद्धचा टायटल सेव्हनचा दावा गेला. कोर्टाने म्हटलं की हॉस्पिटलने सूट दिली असती तर राज्याचा कायदा मोडला असता आणि लायसन्स धोक्यात आलं असतं, यापेक्षा मोठा अवाजवी त्रास कुठला. आणि फिर्यादींनी मागितलेली सवलत एकच होती, लस न घेता त्याच कामावर राहू द्या. पण राज्याविरुद्धचे धर्मस्वातंत्र्याचे आणि समान वागणुकीचे दावे परत जिवंत झाले. कारण या टप्प्यावर तक्रारीतलं म्हणणं खरं धरायचं असतं, आणि तक्रारीत म्हटलं होतं की मेडिकल सूट घेतलेल्यांपासूनही धोका तितकाच आहे, ते खरं निघालं तर दोन्ही सुटी तुलनीय ठरतात आणि राज्याला कडक कसोटीला उतरावं लागेल. २०२१ मध्ये ज्या कोर्टाने तुलना नाकारली त्याच कोर्टाने २०२३ मध्ये म्हटलं की पुरावा बघितल्याशिवाय नाकारता येणार नाही. वरवर उलटसुलट वाटतं पण टप्पा वेगळा आहे, आधी प्रश्न होता जिंकण्याची शक्यता किती, नंतर प्रश्न होता दारातूनच हाकलायचं का.

टायटल सेव्हनच्या निकालातून मला एक व्यवहारी गोष्ट दिसते आणि ती दोन्ही बाजूंच्या लोकांनी लक्षात ठेवावी. सूट की नोकरी एवढा एकच पर्याय समोर ठेवला की हरायची शक्यता वाढते. पेशंटशी संबंध नसलेलं काम, घरून करता येणारं काम, काही महिन्यांची बिनपगारी रजा, असं काहीतरी अर्जातच लिहून ठेवावं. आणि मालकानेही राज्याच्या नियमाकडे बोट दाखवून हात वर करण्याआधी निदान बसून बोलावं, बिलिंगमध्ये काम करणारा माणूस आणि आयसीयूतली नर्स यांचा विचार एकाच मापाने कशाला? निकालानंतर पाच आठवड्यांनी, २९ जून २०२३ ला, सुप्रीम कोर्टाने एका पोस्टमनच्या केसमध्ये अवाजवी त्रासाची कसोटी बदलली. १९७७ पासून नगण्य खर्चापेक्षा थोडं जास्त झालं तरी मालक नाही म्हणू शकतो असं धरलं जायचं, आता धंद्याच्या मानाने भरीव जादा खर्च दाखवावा लागतो. तो पोस्टमन रविवारी काम करायला तयार नव्हता, लसीचा त्यात संबंध नाही, पण लसीच्या पुढच्या सगळ्या केसेस त्याच मापाने मोजल्या जातायत. मेनच्या हॉस्पिटलांना मात्र त्यानेही फरक पडला असता असं मला वाटत नाही, लायसन्स जाणं हे कुठल्याही मापाने भरीवच.

केंद्राने काय केलं ते बघितलं की मेनचा नियम आणखी ठळक दिसतो. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांचे पैसे घेणाऱ्या दवाखान्यांसाठी केंद्राने देशभर सक्ती आणली, ती १३ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार अशी टिकली, पण त्या नियमात धार्मिक सुटीची सोय होती. त्याच दिवशी मोठ्या खासगी कंपन्यांसाठीचा लस-किंवा-टेस्टचा नियम कोर्टाने रोखला. म्हणजे सीमेपलीकडे न्यू हॅम्पशायरमध्ये, जिथे राज्याची अशी सक्ती नव्हती, त्याच मेडिकेअरच्या पैशावर चालणाऱ्या हॉस्पिटलात तीच नर्स धार्मिक सूट मागू शकत होती, आणि मेनमध्ये अर्जच करता येत नव्हता. पेशंटचं संरक्षण धार्मिक सूट ठेवूनही करता येतं असं केंद्राला वाटलं होतं, आणि त्यावर मेनने दिलेलं उत्तर, आमची लोकसंख्या वयस्कर आणि व्यवस्था नाजूक, हे वजनदार आहे पण मला पुरेसं वाटत नाही.

मला विचाराल तर मेनने सक्ती ठेवायला हवी होती, आणि सुटीचा निर्णय बॉसकडे न देता कामाच्या ठिकाणाबाहेरच्या एका छोट्या समितीकडे द्यायला हवा होता, जिने मेडिकल आणि धार्मिक दोन्ही अर्ज बघायचे, गरजेपुरतेच प्रश्न विचारायचे आणि हॉस्पिटलला फक्त एवढंच कळवायचं की या व्यक्तीला सूट आहे आणि या या अटींवर. कारण कुठलं ते कळवायचं नाही. मग वॉर्डातल्या सहकाऱ्यांना, सुपरवायझरला, कोणालाच कळत नाही की मास्क लावून फिरणारी ही बाई आजारी आहे की श्रद्धाळू. आयसीयू, कॅन्सर वॉर्ड अशा ठिकाणी अट इतकी कडक ठेवा की सूट मिळाली तरी तिथे काम नाही, दोन्ही प्रकारच्या सुटींना सारखंच. याला पैसे लागतात, माणसं लागतात, आणि ऑगस्ट २०२१ च्या धावपळीत हे उभं करणं सोपं नव्हतं हे मान्य. पण कायदा २०१९ मध्ये झाला होता, दोन वर्षं हातात होती.

राज्याने २०२३ च्या उन्हाळ्यात कोविड लसीची अट काढायचं ठरवलं आणि सप्टेंबरपासून ती गेली. ज्यांची नोकरी गेली त्यातल्या कोणाला परत घ्यायचं हे ज्या त्या हॉस्पिटलवर सोडलं गेलं. २०१९ चा कायदा मात्र तसाच आहे, गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी या लसींसाठी मेनमधल्या आरोग्य कर्मचाऱ्याला आजही धार्मिक सूट नाही आणि डॉक्टरची ती एका ओळीची चिठ्ठी चालते.